मुद्दाम सोडलेला गोल

“पाय उचल जरा.”

टोबीला ऐकूच आलं नाही. तो गोलच्या जाळीसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या डोक्यावर अस्वलं पडत होती. कापसाची, लोकरीची, तपकिरी, गुलाबी… एक तर चक्क पोपटी. सात हजार माणसं जागेवरून उठून किंचाळत होती आणि मांडीवरची अस्वलं बर्फावर भिरकावत होती. एक त्याच्या हेल्मेटवर आपटलं आणि घरंगळत जाळीत गेलं. मघाशी आइस हॉकीची ती काळी चकती गेली होती, अगदी तिथेच.

“अरे ए, गोलकीपर! पाय उचल म्हणते ना. तुझ्याखाली एक अडकलंय. गुदमरेल बिचारं.”

त्याने मान वर केली. नारिंगी जाकीट, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना बांधलेले खिळे, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं पोतं. थंडीने लाल झालेलं नाक… आणि त्या नाकाच्या वर हसरे, राखाडी डोळे.

त्याने पाय उचलला. तिने अस्वल ओढून काढलं, झटकलं, पोत्यात टाकलं. मग सगळीकडे एवढा कालवा चालू असताना ती त्याच्या कानाशी वाकली.

“मुद्दाम सोडलास ना?”

“काय?”

“शू… हळू बोल. मी बघितलं. तू वर बघत होतास, लोकांकडे. ती पोरं अस्वलं घेऊन रडकुंडीला आली होती. तू बघितलंस आणि सोडलास. हो ना?”

डनव्हर शहरात दर डिसेंबरात एक मॅच अशी असते. घरच्या संघाने पहिला गोल मारला की लोकांनी आणलेली अस्वलं बर्फावर टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलांच्या इस्पितळात जायची. तोवर अख्खं शहर अस्वल मांडीवर घेऊन ताटकळतं. आणि त्या दिवशी टोबी रेम्पेल नावाच्या, पाहुण्या संघाच्या, कुणी कधी नाव न ऐकलेल्या पोराने दीड तास एकही गोल होऊ दिला नव्हता. व्यावसायिक संघातली त्याची ही पहिलीच मॅच. संघाच्या मूळ गोलकीपरची जांघ दुखावली म्हणून सकाळी फोन आला, आणि दुपारी हा बसमध्ये.

खरं काय झालं होतं ते टोबीलाच माहीत होतं. तो वर बघत होता, हे खरं. पण लोकांकडे नाही. तो बघत होता गुणफलकाकडे. तिथल्या शून्याकडे. पहिल्याच मॅचमध्ये एकही गोल नाही! उद्याच्या पेपरात नाव येईल, गावात कॉफी पिता पिता बाप ते चार लोकांना वाचून दाखवेल, आणि ज्यांनी ‘हा काय खेळणार’ म्हटलं होतं त्यांची थोबाडं बघण्यासारखी होतील… तेवढ्यात डनव्हरच्या एका दमलेल्या खेळाडूने मैदानाच्या मधल्या लाल रेषेवरून चकती नुसती पुढे ढकलून दिली. त्याला गोल मारायचाच नव्हता, बाकावर जाऊन बसायचं होतं. चकती बर्फातल्या एका खाचेवर उडाली आणि टोबीच्या डाव्या काखेखालून आत गेली. शाळकरी पोराने अडवली असती.

एवढंच सांगायचं होतं. ‘नाही, चुकलो.’ दोन शब्दांचं काम.

तो हसला.

अर्धवट, ओठ मिटून. होही नाही, नाहीही नाही. पण खोटं बोलायला प्रत्येक वेळी तोंड उघडावं लागत नाही. ती त्या हसण्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं, आणि टोबीला आजवर कुणी तसं बघितलं नव्हतं.

“कुणाला सांगणार नाही,” ती म्हणाली. “माझं नाव दार्का.”

पोतं ओढत ती गेली. टोबी जाळीसमोर उभा राहिला. बर्फ साफ व्हायला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ त्याचे कान जळत होते.

*

मॅच त्याच्या संघाने जिंकली, म्हणून वाचला. तरी बसमध्ये टोळीने सोडलं नाही.

“काय रे अस्वल्या, थंडीत झोप लागते ना अस्वलांना?”

“उठवू नका त्याला. मार्चमध्ये उठेल आपोआप.”

कोच डॉइगने एकदाच मागे वळून टोबीकडे बघितलं, बाजारात घोड्याचे दात बघतात तसं. व्यावसायिक खेळ म्हणजे दुसरं काय असतं? दात दाखवत उभं राहायचं. ज्यांच्या खिशात पैसे असतात ते लगाम धरतात आणि वर म्हणतात, आम्ही तुला संधी दिली.

सकाळी टोबी हॉटेलच्या दारात आला तर समोर नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा अजस्र ट्रक उभा. वरून दार्का डोकावली.

“चल. अस्वलं वाटायची आहेत.”

“मी? मी तर दुसऱ्या संघाचा.”

“बरं मग? अस्वलांना संघ कळतो?”

“हा ट्रक… तू चालवतेस?”

“नाही, ट्रक मला चालवतो. चढ लवकर. जाताना दोन रस्ते साफ करत जाऊ, म्हणजे फुकट डिझेल जाळलं म्हणून कुणी बोंबलणार नाही.”

तो चढला. आत गरम होतं, कॉफीचा आणि ओल्या लोकरीच्या हातमोज्यांचा वास होता. पुढचं पातं खाली आलं, बर्फाची लाट एका बाजूला कलंडली. दार्का एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने डोनट खात होती. सुकाणूच म्हणायचं, एवढं मोठं ते चाक.

“मी नऊ वर्षांची असताना त्या इस्पितळात होते,” ती सहज म्हणाली. “कमरेचं हाड. अख्खा हिवाळा प्लास्टरमध्ये. त्या वर्षी पाहुण्या गोलकीपरने शेवटपर्यंत एकही गोल होऊ दिला नाही. काय जिद्द! मॅच संपली, लोक चिडून घरी गेले. अर्ध्यांनी अस्वलं परत नेली. आमच्या खोलीत दोघींत एक आलं. दुसरी मुलगी बरी झाली आणि घेऊन गेली.”

“आणि तू?”

“मी त्या गोलकीपरला वर्षभर शिव्या दिल्या. युक्रेनियनमध्ये. माझ्या तेता स्टेफाने, म्हणजे मावशीने, शिकवलेल्या.” ती हसली. मग हसू थांबलं. “काल मी तुझ्याकडेच बघत होते, टोबी. मनात म्हणत होते, सोड रे… सोड… आणि तू सोडलास. पहिली मॅच असून. माणसं असं करत नाहीत.”

माणसं असं करत नाहीत. टोबीनेही केलं नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत बसला.

इस्पितळात एका टक्कल पडलेल्या चिमुरडीने अस्वल घेतलं, त्याला नीट न्याहाळलं आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “तूच ना तो? माझे डॅडी म्हणाले, तू झोपला होतास.”

खोली हसली, नर्सही हसल्या. आता बोलायचं होतं. ‘तुझे डॅडी बरोबर आहेत’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. त्याने तोंड उघडलं… आणि खोलीच्या त्या टोकाहून दार्काने त्याला डोळा मारला. आपल्या दोघांचं गुपित!

त्याने तोंड मिटलं.

टोबी वाढला ते मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव. त्यांच्यात शपथ घेत नाहीत. शपथ कशाला हवी, माणसाने कायमच खरं बोलायचं असतं. त्याची आई दुकानदाराने चुकून जास्त परत केलेली नाणी द्यायला चार मैल चालत जायची. अशा बाईचा मुलगा मी… आणि तरी त्याने स्वतःला समजावलं, मी शब्दाने तरी खोटं बोललो नाही ना? माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. त्यात पुरुष जात तर जास्तच.

*

मग हिवाळा सुरू झाला, म्हणजे त्यांचा दोघांचा.

मूळ गोलकीपरची जांघ बरी होईना आणि टोबीची जागा टिकली. त्याचा संघ सेंट ऑबेंचा, तिथून डनव्हर अडीच तासांवर. सुट्टी मिळाली की तो जुनाट गाडी काढायचा. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरं काहीच नाही, आणि शेवटी पेट्रोलपंपाशेजारच्या कॉफीच्या दुकानात खिडकीपाशी बसलेली नारिंगी जाकिटातली मुलगी.

“तुझ्या अंगाला कसला वास येतो माहितीये?” एकदा तिने विचारलं.

“कसला?”

“ओल्या कुत्र्याचा. ओला कुत्रा, आणि वरून साबण.”

“गोलकीपरचं सामान कधी वाळतच नाही गं. सगळ्यांनाच येतो.”

“मला सगळ्यांचा कुठे माहीत आहे?” ती नाक मुरडून म्हणाली आणि आणखी जवळ सरकली. “एकाचाच माहीत आहे. तेवढा पुरे.”

त्याच्या गळ्याच्या हाडाखाली चकतीचा निळा-काळा डाग होता. तिने बोट ठेवलं. हलकेच.

“दुखतं?”

“नाही.”

“खोटारडा.”

ती चेष्टेने म्हणाली होती. टोबीने मात्र जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

त्या दिवशी बाहेर पडले तेव्हा इतकी थंडी होती की श्वास तोंडातून निघताच गोठत होता. तिच्या पापण्यांवर बारीक पांढरे कण जमले होते. तिने डोळे मिटले, तर वरच्या-खालच्या पापण्या चिकटल्याच. “अगं बाई… उघडेना! टोबी, हसू नकोस, उघड ना…” त्याने हातमोजे काढले, गरम तळवे तिच्या डोळ्यांवर धरले. कण विरघळले, त्याच्या बोटांवरून पाणी ओघळलं. तिने डोळे उघडले तेव्हा तो अगदी समोर होता. मग कुणी कुणाला आधी… ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोघांची नाकं बर्फासारखी गार होती, ओठ मात्र नव्हते.

“दार्का,” तो म्हणाला, “त्या मॅचच्या रात्री मी… ते जे झालं…”

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. “नको. चांगलं काम बोलून दाखवलं की शिळं होतं.”

बघा, तिनेच थांबवलं! असं तो गाडी चालवताना स्वतःला म्हणत राहिला. तोंडावरचा हात लोकरीचा होता, लोखंडाचा नव्हता. तो बाजूला करता आला असता. पण हात बाजूला केला की ती नजरही जाईल, आणि त्या नजरेशिवाय आपण कोण? एक गाढव, ज्याच्या काखेखालून चकती जाते. हीच भीती. प्रेम म्हणून मिरवायचं आणि आत भ्यायचं, हे त्याला हळूहळू जमायला लागलं होतं. ती जितकं जास्त प्रेम करायची तितकी त्याला जास्त लाज वाटायची. तिने पाठीवर हात फिरवला तरी वाटायचं, हा हात माझ्यासाठी नाही. त्या दुसऱ्यासाठी आहे, जो पोरांकडे बघून गोल सोडतो.

खेळ मात्र सुधारला. मैदानावर तो आता वर बघत नसे. फेब्रुवारीत कोच डॉइगने जाता जाता खांद्यावर थाप मारली. “मॅनेजर कागद तयार करतोय. दोन वर्षांचा करार. माती खाऊ नकोस.”

*

त्याच आठवड्यात दार्काच्या चर्चखालच्या सभागृहात इस्पितळासाठी जेवण होतं. तेता लोकांनी, म्हणजे तिच्या सगळ्या मावश्या-आत्यांनी आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनी, पिरोहींचे डोंगर रचले होते. करंजीसारख्या मुडपलेल्या, पोटात बटाटा, वर लोण्यात परतलेला कांदा. तेता स्टेफाने टोबीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“हाच का? एवढासा? गोल अख्खा उघडाच राहत असेल.”

“तेता, तो सामान घातल्यावर मोठा दिसतो गं,” दार्का म्हणाली.

“मग सामान घालूनच यायचं होतं. बस पोरा, खा. अंग धर जरा.”

तो खात होता तेव्हाच दार्का उठली. तिने चमच्याने पेल्यावर टणटण केलं. तिचे गाल लाल होते.

“मी एकाला वचन दिलं होतं, सांगणार नाही म्हणून,” ती म्हणाली. “आज मोडतेय. त्याने रागवावं खुशाल.”

टोबीच्या हातातला काटा थांबला.

तिने सगळं सांगितलं. अख्ख्या सभागृहाला. नऊ वर्षांची ती, प्लास्टर, दोघींत एक अस्वल. आणि मग हा, पहिल्या मॅचचा मुलगा, ज्याने स्वतःचं नाव मोठं होण्यापेक्षा अनोळखी पोरांचं हसू मोठं मानलं. सांगता सांगता तिचा आवाज फाटला. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. “उभा राहा!” कुणीतरी ओरडलं. “बघू दे त्याला!” खुर्च्या सरकल्या. टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोन वर धरून टिपत होतं.

टोबी उभा राहिला.

आणि त्याने मान लववली. रंगमंचावर लववतात तशी. पुढे कित्येक वर्षं त्याला काखेखालून गेलेल्या चकतीची आठवण आली तर हसू यायचं. पण ती लववलेली मान आठवली की तो एकटा असला तरी चेहरा हातांनी झाकून घ्यायचा.

*

तिसऱ्या दिवशी कोचच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलावर फोन होता आणि फोनमध्ये दार्का बोलत होती, मागे टाळ्या.

“अर्ध्या देशाने बघितलंय,” कोच डॉइग म्हणाला. आवाज शांत होता, म्हणजे वाईट. “एकच प्रश्न. मुद्दाम सोडलास?”

“नाही, कोच.”

“नीट ऐक. जो गोलकीपर एक गोल दयेने सोडतो, तो उद्या दुसरा पैशाने सोडेल. असं म्हणतील सगळे. तुला कुणी दारात उभं करणार नाही. मुद्दाम सोडला असशील तर तू संपलास. नसशील तर तू नुसता गाढव आहेस, आणि गाढव चालतं मला. कोणता?”

“गाढव,” टोबी म्हणाला. “मी गुणफलकाकडे बघत होतो. स्वतःचं नाव… पेपरात कसं दिसेल त्याचा विचार करत होतो.”

डॉइगने टेबलावरचा व्हिडिओ बंद केला. “आणि त्या पोरीला काय सांगितलंस?”

“काहीच नाही. म्हणून तर…”

“शाब्बास. मी रेडिओवाल्यांना आत्ताच सांगतो.”

“कोच, अडीच तास द्या. मी तिला आधी…”

“तुझ्याकडे अख्खा हिवाळा होता,” कोच म्हणाला आणि फोन उचलला.

तो गाडी पिटाळत निघाला. वाटेत फोन लावला, तिने उचलला नाही. कामावर असताना ती उचलत नसे. ट्रकमध्ये रेडिओ मात्र चालू असे. अर्ध्या वाटेत त्याने स्वतःच्या गाडीतला रेडिओ लावला आणि कोच डॉइगचं हसू ऐकलं. “दयाबिया काही नाही हो. पोरगं स्वप्नं बघत होतं. काखेखालून गेली.” निवेदकही हसला. “म्हणजे डनव्हरची ती मुलगी उगाचच रडली म्हणायची!”

टोबीने रेडिओ बंद केला. तिच्यावर हसत होते. चूक याची, आणि अख्खा मुलूख तिच्यावर हसत होता.

*

ट्रक सभागृहाबाहेर वाकडातिकडा उभा होता. आत लांब टेबलाभोवती म्हाताऱ्या बसल्या होत्या, पुढच्या रविवारच्या पिरोही मुडपत. मधे दार्का. तो आत आला तशी हात थांबले.

“आला,” तेता स्टेफा म्हणाली. “दार उघडंच होतं. अडवायला कुणी नव्हतं ना, याच्या गोलसारखं.”

एक जण फिसकन हसली. दार्का हसली नाही. तिने पिठाचे हात तसेच ठेवले.

“एवढंच सांग,” ती म्हणाली. “हसलास का? त्या दिवशी. मी विचारलं तेव्हा.”

“तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस… तसं कुणी कधी बघितलं नव्हतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.”

“ते तुझ्याकडे नव्हतंच बघितलं.”

“माहीत आहे.”

“तू चुकलास त्याचं मला काही नाही, टोबी. चकती सुटली, सुटली. मी ट्रक दोनदा खांबावर घातलाय. पण मी इथे उभी राहिले. या सगळ्यांसमोर. माझं लहानपण, माझं ते प्लास्टर, आजवर कुणाला न सांगितलेलं… सगळं काढून टेबलावर मांडलं. आणि तू उठून मान लववलीस!” तिचा आवाज चिरला. “मला लाज वाटतेय. तुझी नाही. माझी. लोक उद्या मला दुकानात बघून हसतील, त्याचंही नाही. तू समोर बसून खोटं खात होतास आणि मला कळलं नाही, त्याची.”

माफ कर म्हणणं किती स्वस्त होतं! तो टेबलाकडे वळला.

“मी त्या दिवशी तुमच्या टाळ्या घेतल्या,” तो म्हणाला. “त्या माझ्या नव्हत्या. मी कुणावर दया केली नाही. मी स्वतःच्या कौतुकात गुंग होतो, म्हणून गोल झाला. दार्का खोटं बोलली नाही. तिने विश्वास ठेवला. हसायचं असेल तर मला हसा. दुकानात, चर्चमध्ये, कुठेही.”

कुणी हसलं नाही. तेता स्टेफाने हातातली पिरोही नीट मुडपून ताटात ठेवली.

“हे बोलायला तुला अख्खा हिवाळा लागला होय रे?”

“हो, तेता.”

“मंद आहेस,” ती म्हणाली. “चांगलाच मंद.”

दार्काने मान फिरवली. “जा आता. मॅच आहे ना तुझी रविवारी? जा.”

“दार्का…”

“जा म्हणते ना. मला आत्ता तुझं काही खरं वाटणार नाही. तू ‘बाहेर थंडी आहे’ म्हणालास तरी मी खिडकीतून बघेन.”

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. बाहेर खरंच थंडी होती.

*

रविवारची मॅच दुपारची होती. प्रेक्षकांनी त्याच्या दिशेने लहान मुलांचे पाळणे हलवावेत तसे हात हलवले, अंगाई म्हटली. टोबीने पाच गोल खाल्ले. मॅनेजरने करार फाडला नाही, नुसता खणात ठेवला. “बघू पुढच्या मोसमात. मूळ गडी बरा झालाय. उद्यापासून तू खालच्या संघात.” खालचा संघ आठ तास दूर, उत्तरेला. व्यावसायिक जगाचं दार असंच बंद होतं. आवाज न करता.

गाडीत सामान टाकून तो बसला. ऊन उतरत होतं, बर्फावर केशरी पडलं होतं. त्याने फोन लावला. ती उचलणार नाही, हे धरूनच लावला.

तिने उचलला. मागे ट्रकची घरघर होती.

“पाच खाल्ले,” टोबी म्हणाला.

घरघर.

“करार गेला. उद्या उत्तरेला जातोय. तू पेपरात वाचण्याआधी… मला वाटलं, या वेळी मी आधी सांगावं.”

मग ट्रक थांबल्याचा आवाज आला. हँडब्रेकचा फुसकारा.

“पहिला कसा गेला?” तिने विचारलं. आवाज कोरडा.

“माझी चूक. पुढे यायला घाबरलो.”

“दुसरा?”

“तोही माझाच. दोन पायांच्या मधून. लाजिरवाणा.”

“तिसरा?”

“तिसरा बचावपटूच्या बुटाला लागून वळला. पण मी खाली बसायची घाई केली. अर्धा माझा.”

“चौथा?”

“चौथ्या वेळी मी तुझा विचार करत होतो.”

“हे गोड बोलणं आहे का?”

“नाही. चूक आहे. गोल झाला ना त्याने.”

मग, न राहवून बाहेर पडलेला, पटकन दाबलेला एक आवाज. हसण्यासारखा. टोबी डोळे मिटून बसला. त्याला त्या आवाजाचा फायदा घ्यायचा नव्हता.

“आणि पाचवा?”

पाचवा त्याला पुन्हा दिसला. कोपऱ्यातून आलेली चकती, समोरून तिरकी मारलेली, खांबाच्या आतल्या कडेला टण् करून लागलेली. तो वेळेवर सरकला होता. हात पूर्ण ताणला होता. हे सांगितलं तर ती म्हणेल, आला पुन्हा मूळ स्वभावावर. ‘माझी चूक’ म्हणणं सोपं होतं. तिला आवडलंही असतं.

“पाचवा…” तो म्हणाला, “पाचवा चांगला होता गं. फारच चांगला मारला त्याने. मी होतो जागेवर. तो कुणालाच अडवता आला नसता.”

फक्त वारा, ट्रकच्या काचेवर.

“कुणालाच?”

“कुणालाच.”

त्याने वाट बघितली. फोन धरलेला हात गारठला होता, तरी त्याने कान बदलला नाही.

“बरं,” दार्का म्हणाली. हळू. “नसेल अडवता आला.”